छोट्या गियरची पूजा

अहो,

आज सकाळपासून दारातली गाडीची जागा रिकामी आहे. खाली तेलाचा काळा डाग तेवढा राहिला. तुम्ही कुठून पाहत असाल तर पहिले तेच दिसलं असेल, अन् वाटलं असेल की विनूनं शेवटी गाडी भंगारात देऊन टाकली. तसं नाही. म्हणून तर लिहाले बसली. शेजारच्या बाया सकाळपासून फाटकाशी येऊन विचारून राहिल्या, "आजी, गाडी कहाँ गई?" त्यांना मी अजून काही सांगितलं नाही. मालकाले पहिले कळावं.

तुम्हाले चिठ्ठी लिहायचं कधी काम पडलं नाही. लग्न झाल्यापासून तुम्ही बाजूच्या खोलीतच होते, आवाज देला की झालं. माझं अक्षर चौथीतलं, ते तिथंच राहिलं. वाचताना अडलं तर पुढं जा.

गाडीच्या आधी मेघाचं सांगावं लागते. तुम्ही गेले तेव्हा ती जनावरांच्या डॉक्टरकीचं शिकून राहिली होती, न? पास झाली तुमची नात, अन् सरकारी नोकरीही लागली. ठिकाण रायपूरपासून दूर, केशकालच्या घाटापलीकडे. दवाखाना आहे तिथं, पण आजारी बैल दवाखान्यात थोडाच चालत येते, डॉक्टरलेच जावं लागते. अन् अर्धी गावं एका नाल्याच्या पलीकडे. नाल्यावर पूल नाही, नुसते गोटे. महिना संपायच्या आत हजर व्हायचं होतं.

मी तर पेढे वाटाले निघाली होती. विनूचं तोंड पाहून डबा खाली ठेवला.

"एवढ्या दूर कशाले जायचं?" तो म्हणे. "इथंच समता कॉलनीत क्लिनिक टाकून देतो तुले. घरोघरी कुत्रे आहेत, मांजरी आहेत."

"पापा, मैंने गाय-भैंस का पढ़ा है." तिचं तुम्हाले माहीत आहे, मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीत येते.

"तर गायीही आहेत. रोज सकाळी आपल्याच फाटकासमोर बसून असतात."

अर्चना पोळ्या लाटता लाटता हसली, तर बायकोवर चिडला. आपला विनू चिडका नाही. भ्याला होता तो. एकुलती एक पोट्टी, अन् ती घाटापलीकडे, नाल्यापलीकडे. रात्री जेवताना ताटातला भात नुसता चिवडत होता.

तेव्हा मेघानं गाडीचं काढलं. म्हणे, दादाजींची गाडी आहे न, फोर व्हील आहे, नाले त्याच्याचसाठी असतात.

विनू म्हणे, ती गाडी फाटकाबाहेर निघाली तरी नवल. अन् मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "खारून नदीच्या रेतीत घालून बाहेर काढून दाखव. मग जा खुशाल. नाही निघाली तर क्लिनिकचा बोर्ड मी रंगवून आणतो." बँकेतला माणूस, तोलून मापून बोलते एरवी. बोलून गेला अन् मागं फिरता येईना, कारण मी ऐकलं होतं.

तुम्ही गेल्यापासून गाडीवर माझ्या जुन्या लुगड्यांची खोळ तशीच होती. ती काढली, बोनेट उघडलं, तर आत उंदरांनी संसार मांडलेला. एअर फिल्टरमध्ये माझ्या निळ्या लुगड्याच्या चिंध्या. ते लुगडं मी कुठं कुठं शोधलं होतं. तुमच्यावरही आळ घेतला होता एकदा, आठवते? ते परत घेते.

तेलीबांध्याचा लखन मिस्त्री आला. गाडीभोवती फिरला, चाकाले लाथ मारली, अन् म्हणे, "माताजी, ये गाड़ी नहीं है, दादाजी की फोटो है. हार चढ़ा दो."

मी म्हटलं, हार तुले घालते, पहिले बॅटरी लाव.

नवी बॅटरी लागली तर सुरू होईना. डिझेलच्या गाडीत म्हणे बारके बारके हीटर असतात, ते तापले की गाडी पेट घेते. ते सगळे जळून गेले होते. ते बदलले. मग अशी धूर ओकली की समोरच्या काकांना वाटलं मच्छर मारायची गाडी आली. त्यांनी भराभर खिडक्या लावून घेतल्या, अन् वरून हात करून म्हणे, इकडच्या नालीतही सोडा थोडा.

एक बरं केलं की दुसरं वर यायचं. क्लच घसरत होता. म्हणजे काय, तर इंजिन ओरडते जिवाच्या आकांतानं अन् गाडी जागची हलत नाही. स्टेअरिंग ढिलं. इकडं फिरवा, जरा वाट पाहा, मग चाक वळते. खालून टक टक आवाज यायचा, तो क्रॉसचा, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या दांड्याच्या सांध्याचा, निघाला. रेडिएटरात गाळ बसलेला. त्यानं तर तेलीबांध्याच्या तलावाजवळच वाफ सोडली, ऐन संध्याकाळी, सगळे फिराले आलेले. जो तो थांबून सल्ला देऊन राहिला. एक जण म्हणे बेच दो, एक म्हणे रखो, ऐसा लोहा अब नहीं आता. मेघा फुटपाथवर बसून भुट्टा खात होती, इंजिन थंड व्हायची वाट पाहत. मीही खाल्ला. दात कुठं आहेत म्हणू नका, कोवळा होता.

खरं सांगू? मले फार मजा आली त्या दिवसांत. रोज सकाळी खुर्ची टाकून बसायची गाडीपाशी. काय उघडलं, आत काय निघालं, कशानं कशाले ओढलं जाते, सगळं पाहिलं. तुम्ही मले इतकी वर्षं बाजूच्या सीटवर बसवलं, पण बोनेट उघडून कधी काही दाखवलं नाही. काहून हो? मी काय त्यात लोणचं घालणार होती?

रायपूर राजधानी झालं तेव्हा तुम्ही ही गाडी आणली. सगळ्या शहरालेच तेव्हा काहीतरी मोठं करावंसं वाटत होतं. कोणी वरचा मजला चढवला, कोणी दुकानाले काचा लावल्या, तुम्ही फोर व्हील आणली. पाटबंधाऱ्याच्या नोकरीत जन्मभर सरकारी जीपमधून कालवे पाहत फिरले, आता म्हणे स्वतःची पाहिजे. अन् गेलो कुठं आपण तिच्यात? ब्राह्मणपाऱ्यात, सत्यनारायणाले. ती गल्ली एवढी बारकी की गाडी बाहेर सडकेवर उभी करून पायीच जायचं. अन् नव्या रायपूरचे रस्ते झाले तेव्हा ते पाहाले. एवढे रुंद, एवढे गुळगुळीत, अन् माणूस नाही एकही. तुम्ही गाडी थांबवून म्हणाले, पाह्य, असे रस्ते. मी म्हटलं, मग फोर व्हील कशाले घेतली?

तुम्ही गियरच्या बाजूच्या त्या छोट्या गियरकडे पाहिलं अन् रुमालानं त्याची मूठ पुसली.

तो छोटा गियर. तो ओढला की मागच्यासोबत पुढची चाकंही जोर लावतात, सगळी फोर व्हीलची गंमत त्याच्यातच. त्याले हात लावायची घरात कोणालेही परवानगी नव्हती. विनू एकदा म्हणाला, बाबा, लावून तर पाहू. तुम्ही म्हणाले, "ते लागलं तर असावं म्हणून आहे. उगीच झिजवायचं नाही."

अन् लागलं तेव्हा? धमतरीकडे माझ्या मावसबहिणीच्या शेतावर निघालो होतो आपण. शेवटच्या वळणावर चिखल होता. मी म्हटलं, लावा न तो छोटा गियर. तुम्ही म्हणाले, "एवढ्याशा चिखलाले?" अन् गाडी फिरवली. डबा आपण सडकेच्या कडेले बसून खाल्ला. मावसबहीण पलीकडे वाट पाहत राहिली. त्यानंतर तिची माझी भेट झाली नाही. तुम्हाले लक्षातही नसेल. मले चटणीची चव सुद्धा लक्षात आहे.

असो. रेतीचं सांगते.

एका रविवारी आम्ही सगळे खारूनवर गेलो. मेघानं गाडी कोरड्या रेतीत घातली. जरा गेली, अन् मागची चाकं जागीच फिरू लागली. जेवढी फिरली तेवढी खाली बसली. मेघानं छोटा गियर ओढला. हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला, पाय टेकून ओढला. नाही. शेवटी रेती भराले आलेल्या एका ट्रॅक्टरवाल्यानं दोर बांधून बाहेर काढली, अन् काढताना मेघाले म्हणे, "दीदी, ये फोर व्हील है कि सिर्फ लिखा है?"

विनूनं मेघाच्या हातातून चावी घेतली. येताना गाडी त्यानंच चालवली. बोर्ड रंगवणाऱ्याचं दुकान लागलं तिथं त्यानं गाडी हळू केली. मेघानं खिडकीबाहेर पाहिलं नाही. ते मले बरं वाटलं नाही. ती पोट्टी लहानपणी पडली तर रडायच्या ऐवजी गप्प व्हायची, तशी गप्प होती.

दुसऱ्या दिवशी लखन मिस्त्री गाडीखाली घुसला अन् खालूनच ओरडला, "अंदर से गया. पूरा डब्बा खोलना पड़ेगा. सामान नागपुर से आएगा." किती दिवस, तर म्हणे महिना पकडून चला. महिना कुठून आणायचा? हजर व्हायचे दिवस तर संपत आले होते. अन् ह्या मिस्त्रीचं असं आहे की त्याले खोलायची फार हौस. क्लचच्या वेळीही त्यानं पहिले नको तेच खोललं होतं.

मग हात पुसत बाहेर आला अन् सहज विचारलं, "माताजी, बाबूजी इसको लगाते कब थे?"

"दसऱ्याले," मी म्हटलं.

"दशहरे में? दशहरे में कहाँ जाते थे?"

"कुठंच नाही. पूजा करायचे त्याची."

मिस्त्री माझ्याकडे पाहत राहिला. मेघानं माझ्याकडे पाहिलं. अन् मग ती गाडीत चढली, छोट्या गियरच्या बुडाशी रबराची टोपी असते ती तिनं दोन बोटांनी वर उचलली, अन् म्हणाली, "आजी, ये क्या है?"

मी वाकून वास घेतला. कुंकू होतं.

लोक दसऱ्याले बोनेटवर स्वस्तिक काढतात, चाकाले हळद लावतात, न? तुमचं वेगळं. तुम्ही म्हणायचे, सगळी ताकद तर इथं आहे, नमस्कार इथंच करायचा. गाडी आणली त्या वर्षापासून दर दसऱ्याले त्या छोट्या गियरले हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, अन् नारळ फोडला की त्याचं सगळं पाणी त्याच्यावरच. शेवटी गुळाचा खडा. ते सगळं टोपीखाली झिरपत गेलं अन् खाली दांड्याच्या सांध्यात बसलं. वरून गंज. असं घट्ट झालं होतं, जसा कोणी चुना भरला.

मिस्त्री इतका हसला की त्याले खाली बसावं लागलं. "माताजी, बाबूजी ने तो गियर में मंदिर बना दिया. अब भगवान उठेंगे कैसे?"

मी म्हटलं, उठतील. देवघर मीच घासते.

गरम पाणी आणलं, घासलेट आणलं, जुने टूथब्रश, स्वेटर विणायची सुई. मी वरून खरडून राहिली अन् मेघा खालून. तिनं गायी तपासायचे ते लांब हातमोजे घातले होते, पार खांद्यापर्यंत. कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं गाडी बाळंत होऊन राहिली. तांदळाचा दाणा निघाला एक, अख्खा, लाल झालेला. मिस्त्रीनं गंज सोडवायचं तेल मारलं, हातोडीनं हळूहळू ठोकलं. रात्रभर तसंच भिजू देलं. सकाळी दांडा जरासा हलला. दुपारी अजून जरा. तो हलला तेव्हा अर्चना स्वयंपाकघरातून हात न पुसताच धावत आली.

विनू बँकेतून आला तर त्याले कोणी काही सांगितलं नाही. मेघा फक्त म्हणाली, "पापा, संडे को फिर से."

पुन्हा खारून. तीच रेती. ह्या खेपेले मी पुढच्या सीटवर बसली. विनू म्हणे, आई, तू कशाले? मी म्हटलं, वजन पाहिजे पुढं. असं काही नसते, मले माहीत होतं. तो काठावर हाताची घडी घालून उभा राहिला.

मागची चाकं बसू लागली. गाडी डुलत होती. मेघाचे दोन्ही हात स्टेअरिंगवर, ते अजूनही थोडं ढिलंच आहे. ती समोरच पाहत म्हणाली, "आजी, खींचो."

मी.

इतक्या वर्षांत मी त्या मुठीले बोट लावलं नव्हतं. पुसायचे तेही तुम्हीच. मी दोन्ही हातांनी धरली अन् ओढली. खाली कुठंतरी खट्ट झालं. मग गाडीनं नाक जरा वर केलं, अन् पुढची चाकं रेती खाऊ लागली. जोरात नाही, धावून नाही. बैल चढ चढते तशी, एक एक पाऊल. आम्ही बाहेर आलो. पलीकडे कडक जमीन लागली तरी मी मूठ सोडली नव्हती.

विनू उतरून खाली आला. पहिले आमच्याकडे नाही आला. रेतीत चाकांच्या खुणा पाहत फिरला. मग माझ्या खिडकीशी आला.

"पुढचीही ओढून राहिली," तो म्हणाला.

"हो."

"पावसाळ्यात नाल्याले पूर येईल."

"येईल."

"एकटी राहील ती तिथं."

"राहील."

"आई, तुले काहीच वाटत नाही?"

मी म्हटलं, "वाटते रे. पण तुह्या बाबांना जे सगळ्यात मोलाचं वाटलं, त्याले त्यांनी कुंकू लावून बसवून ठेवलं. ते आत्ताच खरडून काढलं आम्ही. मले पुन्हा नाही खरडायचं."

तुमच्याबद्दल असं बोलली, राग आला का? येऊ द्या. तुमचं तुम्ही प्रेमानंच केलं, हे मले माहीत आहे अन् त्यालेही. त्यानं मेघाच्या बाजूचं दार उघडलं अन् तिले म्हणाला, "सरक, घरापर्यंत मी चालवतो." मग थांबला, अन् म्हणे, "नाही, तूच चालव." अन् मागं जाऊन बसला.

बोर्डाचं पुन्हा निघालं नाही. काल दिवसभर विनू गाडी भरत होता. स्टेपनी, जॅक, दोर, पाण्याच्या कॅन, टॉर्च. अर्चनानं चिवडा देला, त्यानं अजून एक दोर देला. मेघा म्हणे, "पापा, मैं नौकरी पे जा रही हूँ, कुआँ खोदने नहीं." आज सकाळी ती गेली. कोणी रडलं नाही. अर्चना जरा नाक ओढत होती, पण तिले सर्दी आहे.

दुपारी फोन आला. घाटात गाडी तापली होती. मेघानं कडेले उभी केली, थंड होऊ देली, पाणी टाकलं अन् चढवली. विनूनं लगेच विचारलं, "छोटा गियर लावला होता न?" तर ती म्हणाली, "पापा, पक्की सड़क पे नहीं लगाते. गियर खराब होता है." विनू माझ्याकडे पाहून असा हसला, असा किती दिवसांत हसला नव्हता. मग हळूच विचारलं, नाला किती खोल आहे. उद्या बघून सांगते म्हणाली.

जुनी गाडी आहे. आज तापली, उद्या अजून काही निघेल. तिकडे बिघडली तर तिकडचा मिस्त्री पाहील, त्यालेही खोलायची हौस असेलच. चालेल तितकी चालेल.

अन् त्याचंच तुम्हाले वचन देते. ज्या दिवशी मेघा म्हणेल की आजी, आता पुरे झालं, त्या दिवशी ती गाडी जिथं असेल तिथूनच जाऊ देईन. दारात आणून उभी करणार नाही, खोळ घालणार नाही. आठवण म्हणून तिचा एक नटही घरात ठेवणार नाही.

तुमची,
विनूची आई